सब्स की लॅम्डिफाय? आधी बहुपदी कुठल्या रूपात आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘१८ मजली इमारतीच्या कंपनांचं साधं मॉडेल घेतलं. सगळे मजले सारखे. सिमपायमध्ये निश्चयक (डिटरमिनंट) काढला, विस्तार केला आणि १८ कोटीची, म्हणजे सर्वांत मोठा घात १८ असलेली, बहुपदी मिळाली. आता ० ते ४ या टप्प्यात २ लाख बिंदूंवर तिची किंमत हवी आहे, म्हणजे आलेख काढून मुळं शोधता येतील. सब्स वापरलं तर प्रोग्रॅम संपता संपत नाही. लॅम्डिफाय वापरलं तर क्षणात होतं, पण ४ च्या जवळ आलेख दातेरी दिसतो आणि दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत. खरं कोणतं मानू?’

नवख्यांसाठी नावं: सिमपाय हे पायथनमधलं अक्षरांवर अचूक गणित करणारं साधन, नमपाय हे संख्यांच्या याद्यांवर (ॲरेवर) झपाट्याने गणित करणारं, आणि सब्स व लॅम्डिफाय या सिमपायमधून किंमत काढायच्या दोन वाटा. उत्तर आधी सांगून टाकतो. ४ च्या जवळ दोन्ही खरी नाहीत. दोन्ही पद्धती तिथे सारख्याच चुकतात, फक्त वेगवेगळ्या तऱ्हेने चुकतात म्हणून जुळत नाहीत. चूक सिमपायची नाही, नमपायचीही नाही. निश्चयकाचा विस्तार केला तिथेच अचूकता हातातून गेली.

मी नागपुरात संख्यात्मक पद्धती शिकवतो आणि सिव्हिल इंजिनिअर मंडळींची गणितं करून देतो, त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. ‘सर, कॉम्प्युटर चुकीचं सांगून राह्यला’ असं म्हणत दर वर्षी कोणी ना कोणी हाच दातेरी आलेख घेऊन लॅबमध्ये येतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत: वेग कसा वाढवायचा, उत्तरावर भरवसा कधी ठेवायचा, आणि या कामासाठी बहुपदी मुळात हवी होती का. पहिला सोपा आहे, तो लवकर उरकतो.

सिमपायच्या दृष्टीने बहुपदी हे एक झाड असतं. प्रत्येक संख्या, प्रत्येक घात, प्रत्येक बेरीज ही पायथनमधली वेगळी वस्तू. सब्स म्हटलं की ते सगळं झाड पालथं घालतं, क्षच्या जागी संख्या ठेवतं, नवं झाड बांधतं आणि जमेल तिथे सोपं रूप देतं. दोन लाख बिंदू म्हणजे दोन लाख झाडं. एखाद-दुसरी किंमत हवी असेल तर सब्स उत्तम, लूपमध्ये ते टाकू नये. लॅम्डिफाय झाडाकडे एकदाच बघतं, त्यातून पायथनचं साधं फंक्शन लिहितं आणि ते नमपायच्या अख्ख्या ॲरेवर एका दमात चालतं. माझ्या अनुभवात हा फरक शेकडो पटींपासून हजारो पटींपर्यंत जातो. नेमका किती, ते बहुपदीवर आणि यंत्रावर अवलंबून.

त्यातही रूपाने फरक पडतो. १८ कोटीच्या बहुपदीचं प्रत्येक पद वेगळं गुणत बसलात तर एका किमतीला १ + २ + … + १८ म्हणजे १७१ गुणाकार लागतात. तीच बहुपदी आतून बाहेर कंस करत लिहिली, म्हणजे वरच्या सहगुणकाला क्षने गुणा, पुढचा सहगुणक मिळवा, पुन्हा क्षने गुणा, तर १८ गुणाकारांत काम होतं. यालाच हॉर्नरची पद्धत म्हणतात. विल्यम हॉर्नरचा लेख १८१९ चा, पण चीनमध्ये चिन च्यु-शाओने १२४७ मध्येच ही रीत वापरलेली आहे. आणि तुम्ही-आम्ही ती नववीत शिकलोय: संश्लेषक भागाकार. क्ष − अ ने भागल्यावर शेवटी उरणारी बाकी म्हणजेच बहुपदीची अ ला किंमत. सहगुणकांवर आधी काही खास प्रक्रिया केली नसेल, तर याहून कमी गुणाकारांत सर्वसाधारण बहुपदीची किंमत काढता येत नाही, हे व्हिक्टर पॅनने १९६६ मध्ये सिद्ध केलं. सिमपायमध्ये हॉर्नर नावाचंच फंक्शन आहे. आधी ते लावा, मग लॅम्डिफाय.

दोन खड्डे इथेच दाखवतो, कारण मुलं त्यांत हमखास पडतात. नमपायचा ॲरे पूर्णांकांचा असेल तर त्यात सहसा ६४ बिटांचे पूर्णांक असतात, आणि मर्यादा ओलांडली की ते काही न सांगता भलतीच संख्या दाखवतात. २० चा १४वा घात त्यात मावतो, १५वा मावत नाही. म्हणून बिंदूंचा ॲरे आधीच दशांशाचा करून घ्या. दुसरा खड्डा सहगुणकांच्या क्रमाचा. सिमपायच्या पॉली या बहुपदी-प्रकाराकडून मिळणारी यादी सर्वांत मोठ्या घातापासून सुरू होते, मॅटलॅब या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरचं पॉलीव्हॅल आणि नमपायचं जुनं पॉलीव्हॅल हाच क्रम धरतं. नमपायचं नवं पॉलिनॉमियल मॉड्यूल मात्र अचल पदापासून सुरुवात करतं, सेज या गणिती सॉफ्टवेअरमधली यादीही तशीच. उलटी यादी दिली तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही. क्ष = ० ठेवून अचल पद मिळतं का, एवढी एक तपासणी पुरते.

आता दुसरा प्रश्न, जो खरा महत्त्वाचा आहे.

तुमची बहुपदी मी कागदावर काढून बघितली. एका टोकाला पाया, दुसरं टोक मोकळं, सगळी वस्तुमानं आणि ताठरता सारखी, आणि क्ष हा वारंवारतेचा वर्ग योग्य एककात मांडलेला, असं धरलं तर तिचे सहगुणक चक्क संचयसंख्या असतात, चिन्हं एकाआड एक धन-ऋण. ० ते ४ च्या दरम्यान बहुपदीची किंमत लहानच राहते. बऱ्याच भागात ती १ च्या आसपास असते आणि ४ ला पोचेपर्यंत ३७ होते. पण ही लहान किंमत येते कशातून? ४ पाशी सगळ्या पदांची चिन्हं विसरून नुसत्या मूल्यांची बेरीज केली तर ती सुमारे ५.१ × १०^१३ होते (^ ही खूण घातासाठी). म्हणजे ५१ लाख कोटी.

दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर उलाढाल ५१ लाख कोटींची आणि शिल्लक ३७ रुपये. जमा आणि खर्च दोन्ही बाजूंना प्रचंड आकडे, त्यांची वजाबाकी होऊन हाती चिल्लर. अशा खातेवहीत प्रत्येक नोंद सोळाव्या अंकाशी गोल केली तर शिल्लक किती चुकेल? नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या दशांशात ५३ बिट असतात, म्हणजे प्रत्येक क्रियेत साधारण १.१ × १०^−१६ इतकी सापेक्ष चूक होऊ शकते. तिला उलाढालीने गुणा: जवळजवळ ०.००६. ही एका नोंदीची गोष्ट, अशा नोंदी अनेक आहेत. क्ष = ३.९७ ला तुमच्या बहुपदीची खरी किंमत सुमारे −०.७७ आहे, आणि तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळापासून पुढच्या अंकांवर भरवसा उरत नाही. मुळाच्या अगदी जवळ खरी किंमत याहूनही लहान होते, तिथे उरतो तो निव्वळ खडखडाट, कधी धन कधी ऋण. आलेखाचे दाते ते हेच.

एक फसवी गोष्ट आवर्जून सांगतो. तपासणी म्हणून कोणी नेमके ४ ठेवून बघितलं तर उत्तर अचूक ३७ येतं. कारण तिथे सगळ्या संख्या पूर्णांक आहेत आणि २^५३ च्या, म्हणजे सुमारे ९ × १०^१५ च्या आत मावतात, गोल करायची वेळच येत नाही. पूर्णांक ठेवून प्रोग्रॅम ‘तपासणं’ म्हणूनच धोक्याचं. तपासणी नेहमी आडव्यातिडव्या संख्येवर करा.

ही उलाढालीची तपासणी माझ्या रोजच्या कामातली आहे, आणि तिला फार कष्ट पडत नाहीत. सहगुणकांची निरपेक्ष मूल्यं घेऊन क्षच्या निरपेक्ष मूल्यावर हॉर्नर पुन्हा एकदा चालवायचा. मिळालेल्या संख्येला १०^−१६ ने आणि कोटीच्या दुपटीने गुणलं की चुकीची वरची मर्यादा मिळते. उत्तर त्या मर्यादेहून बरंच मोठं असेल तर निर्धास्त वापरा. लहान असेल तर त्या उत्तराचं चिन्हसुद्धा खरं मानू नका. तुमच्या आलेखात क्ष १ च्या खाली असताना उलाढाल खूप कमी आहे, म्हणून डावी बाजू गुळगुळीत दिसते. सब्स आणि लॅम्डिफाय तिथे जुळतातही, बघा करून.

हॉर्नरने हे दुखणं बरं होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. हॉर्नर वेग देतो. चूक थोडी कमी करतो, पण उलाढाल तीच राहते. यासाठी वर्गात मी (क्ष − १)^७ घेतो. कंसात ठेवून १.००१ ला किंमत काढली तर १०^−२१, बिनचूक. विस्तार केला तर सहगुणक १, −७, २१, −३५ असे होतात, मूल्यांची बेरीज १२८. म्हणजे विस्तारित रूपात खडखडाट १०^−१४ च्या आसपास, खऱ्या उत्तराच्या कोटी पट. हॉर्नर लावा, न लावा, उत्तर निरर्थकच येतं. बीजगणितात दोन्ही रूपं समान आहेत, यंत्रावर नाहीत. एक्सपांड हे बटण सवयीने दाबू नका, असं मी दर वर्षी सांगतो, ते यासाठी.

शून्याजवळ विस्तार करून दूरच्या बिंदूवर किंमत काढणं म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायला सोपं आहे. सीताबर्डी आणि धरमपेठ यांच्यातलं अंतर हवंय, म्हणून कोणी समृद्धी महामार्गाच्या मुंबईकडच्या टोकापासून, ७०१ किलोमीटरवरून, दोन्ही ठिकाणं मोजत येईल आणि मग वजाबाकी करेल का? झिरो माइलच्या खांबापासून मोजलं तर पायी फिरून काम होईल. बहुपदीचंही तसंच. जिथे काम करायचं आहे त्याच्या जवळ आरंभबिंदू हलवा, क्ष − क हा नवा चल घ्या आणि सहगुणक अचूक पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत पुन्हा काढा. सिमपायसारखी साधनं हे नेमकं आणि बिनचूक करून देतात, त्यांची खरी ताकद तीच. आरंभबिंदू हलवणं अचूक अंकगणितात झालं पाहिजे, एवढं पथ्य पाळा. दशांशात हलवलात तर खडखडाट नव्या सहगुणकांत जाऊन बसतो.

ही गोष्ट मोजमापांच्या आकड्यांना सरळ लागू पडते. विद्यार्थी नागपूरच्या उन्हाळ्याच्या तापमानावर प्रकल्प करतात आणि क्षच्या जागी साल घेतात. पाच कोटीची बहुपदी, २०२० चा पाचवा घात: ३.३६ × १०^१६, २^५३ च्या पार. साल वजा २००० घेतलं की प्रश्न मिटतो, त्याला १० ने भागलं तर आणखी बरं. नमपायमधलं नवं फिट हे काम आपणहून करतं, आकड्यांचा पट्टा −१ ते १ मध्ये बसवून घेतं. मॅटलॅबच्या पॉलीफिटला तिसरं उत्तर मागितलं तर मध्य आणि प्रमाण विचलन वापरून तेच करतं. फक्त पुढे किंमत काढतानाही तोच बदल करायचा, हे लोक विसरतात.

‘मग जास्त अंक घेतले तर?’ हा पुढचा प्रश्न येणारच. घ्या, बऱ्याचदा तेच योग्य असतं. पण किती घ्यायचे हे उलाढालीवरून ठरवा, अंदाजाने नको. इथे एक प्रसिद्ध उदाहरण आहे, ते प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून बघावं. १९८८ मध्ये झिगफ्रीड रुम्प यांनी दिलेलं. अ = ७७६१७, ब = ३३०९६. राशी अशी: ३३३.७५ ब^६ + अ^२ (११ अ^२ ब^२ − ब^६ − १२१ ब^४ − २) + ५.५ ब^८ + अ ÷ (२ब). शेवटचं पद सोडलं तर ही बहुपदीच. त्या काळच्या आयबीएमच्या मोठ्या यंत्रावर एकेरी अचूकतेत उत्तर आलं १.१७२६०३, दुहेरीत १.१७२६०३९…, विस्तारित अचूकतेतही तेच, आणखी अंकांसह. तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा जुळलं. कोणीही खात्रीने सही केली असती. खरं उत्तर आहे −०.८२७३९६…, नेमकं सांगायचं तर −५४७६७ ÷ ६६१९२. चिन्हच उलटं.

कारण शोधायला मजा येते. ७७६१७ चा वर्ग बरोबर ५.५ गुणिले ३३०९६ चा वर्ग अधिक १ आहे. पडताळून बघा: ६०२४३९८६८९. या नात्यामुळे मोठी सगळी पदं एकमेकांना पूर्ण खातात आणि उरतात फक्त −२ आणि अ ÷ (२ब). पण त्या मोठ्या पदांपैकी ५.५ ब^८ एकटंच ७.९ × १०^३६ आहे, ३७ अंकी. ते −२ टिकायला ३७ अंक तरी हवेत. दुहेरीत १६ आहेत, विस्तारितमध्ये ३० च्या घरात. म्हणून तिन्ही वेळा −२ वाहून गेला आणि तेच १.१७ हाती राहिलं. आजच्या नेहमीच्या यंत्रांवर याच राशीचं उत्तर १०^२१ च्या घरातसुद्धा येतं. ते एका अर्थी बरं, निदान संशय तरी येतो.

यातून माझी कामाची पद्धत ठरली. अंक वाढवून दोन उत्तरं जुळली एवढ्यावर मी थांबत नाही. सहगुणक पूर्णांक किंवा अपूर्णांक असतील आणि बिंदू थोडे असतील तर किंमत पूर्ण अपूर्णांकात काढतो, दशांशात अगदी शेवटी उतरतो. बिंदू बरेच असतील आणि हमी हवी असेल तर सेजमधलं रिअलबॉलफील्ड वापरतो. ते उत्तराबरोबर ‘इतक्या त्रिज्येच्या आत’ अशी सिद्ध मर्यादा देतं. त्रिज्या उत्तराहून मोठी निघाली तर अंक वाढवायचे. सिमपायमध्येच राहायचं असेल तर सब्स करून मग एव्हाल्फ (दशांश किंमत काढणारं फंक्शन) करण्याऐवजी किंमत एव्हाल्फच्या आतच, त्याच्या सब्स या पर्यायात द्या. दिसायला फरक किरकोळ, परिणामाला मोठा. पहिल्या पद्धतीत दशांश आधीच आत शिरतो आणि वजाबाकी होऊन जाते. दुसऱ्या पद्धतीत सिमपाय अचूक राशी समोर ठेवून मागितलेले अंक मिळेपर्यंत आतली अचूकता स्वतः वाढवत नेतं. वेग कमी, म्हणून दोन लाख बिंदूंसाठी नाही. पण संशयित वीस बिंदू तपासायला यासारखं साधन नाही.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. मॅटलॅबमध्ये व्हीपीए न सांगता ३२ अंक धरतं, पण सिम-टू-पॉली वापरलं की सहगुणक लगेच दुहेरी दशांशात उतरतात. मॅक्सिमामध्ये बीफ्लोट आहे, पण एफपीप्रेक (अंकांची संख्या ठरवणारा चल) आपण वाढवल्याशिवाय ते १६ अंकांवरच असतं, म्हणजे नुसतं बीफ्लोट लिहून काही फायदा नाही. मॅथेमॅटिकामध्ये एन नुसता वापरला तर यंत्राची अचूकता, अंकांची संख्या सोबत दिली तर वेगळाच, अचूकतेचा हिशोब ठेवणारा मार्ग. सेजमध्ये सिम्बॉलिक रिंगमधून बाहेर पडून परिमेय सहगुणकांच्या बहुपदी-रिंगमध्ये काम करा, वेग आणि नेमकेपणा दोन्ही मिळतात.

सहगुणक आत येतात कसे, हेही बघा. सिमपायच्या रॅशनलला (अपूर्णांक बनवणाऱ्या फंक्शनला) ०.१ असा दशांश दिलात तर तो ३६०२८७९७०१८९६३९७ ÷ ३६०२८७९७०१८९६३९६८ असा अपूर्णांक देतो, कारण यंत्रातला ०.१ खरोखर तेवढाच असतो. अवतरणचिन्हांत देऊन मजकूर म्हणून पाठवलात तर १ ÷ १० मिळतो. पायथनमध्ये १ ÷ ३ लिहिलं की सिमपायला कळायच्या आधीच त्याचा दशांश झालेला असतो. एका ठिकाणी असा दशांश शिरला की पुढचं ‘अचूक’ गणित नावालाच अचूक.

यात मी स्वतः एकदा पोळलो आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका पाणीपुरवठ्याच्या कामात पंपाचा आलेख चार कोटीच्या बहुपदीने बसवला होता, क्ष म्हणजे ताशी घनमीटर, ९०० पर्यंत. स्प्रेडशीटच्या आलेखावर छापून आलेलं समीकरण मी तसंच प्रोग्रॅममध्ये उतरवलं. चौथ्या घाताचा सहगुणक तिथे २ × १०^−११ दिसत होता. आतमध्ये साठवलेला होता २.४१ × १०^−११. ९०० चा चौथा घात ६.५६ × १०^११, म्हणजे तेवढ्या एका पदात २.७ मीटरचा फरक. पंपाची उंची चुकीची निघत होती आणि मी दोन दिवस पाइपच्या घर्षणात चूक शोधत होतो. तेव्हापासून डोळ्यांना दिसणारा सहगुणक मी कधीही हाताने टाइप करत नाही, साठवलेला सहगुणक पूर्ण अंकांसह फाइलमधून घेतो.

इथवर आलो आहोत तर मधेच एकदा गाठ मारून घेऊ. वेगासाठी: हॉर्नर, मग लॅम्डिफाय, दशांशाच्या ॲरेवर. भरवशासाठी: उलाढाल मोजा, विस्तार टाळा, दशांशात उशिरा उतरा. आता तिसरा प्रश्न, आणि तुमच्या कामात मला तोच सर्वांत मोठा वाटतो.

तुम्हाला बहुपदीची किंमत खरोखर हवी आहे का? तुम्हाला मुळं हवी आहेत, म्हणजे इमारतीच्या नैसर्गिक वारंवारता. त्यासाठी निश्चयकाचा विस्तार करून बहुपदी बनवणं हा उलटा वळसा आहे. जेम्स विल्किन्सन यांचं उदाहरण यासाठीच प्रसिद्ध झालं. १ ते २० ही ज्याची मुळं आहेत असा गुणाकार घ्या, विस्तार करा. क्ष^१९ चा सहगुणक −२१० येतो. त्यात फक्त २^−२३, म्हणजे सुमारे १.२ × १०^−७ इतकाच बदल करा. वीसपैकी दहा मुळं वास्तव राहतच नाहीत, त्यांच्या पाच सदसत (कॉम्प्लेक्स) जोड्या होतात. मुळांची इतकी नाजूक अवस्था सहगुणकांच्या रूपाने केलेली असते. सममित मॅट्रिक्सचं तसं नसतं. मॅट्रिक्समध्ये जेवढा बदल कराल, आयगेनव्हॅल्यू (इथे तीच आपली मुळं) त्याहून जास्त हलत नाहीत. तुमचं मॉडेल सममितच आहे. ताठरतेचं आणि वस्तुमानाचं मॅट्रिक्स सरळ पायथनमधल्या सायपायच्या आयगएच या आयगेनव्हॅल्यू काढणाऱ्या फंक्शनला द्या. १८ × १८ चं मॅट्रिक्स, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या वारंवारता आणि कंपनांचे आकारही मिळतील. आकार तर बहुपदीतून मिळणारच नव्हते.

तरी प्रबंधात निश्चयकाचा आलेख दाखवायचाच असेल, मार्गदर्शकांनी मागितला असेल, तर तोही नीट काढता येतो. मॅट्रिक्स त्रिकर्णी आहे (मुख्य कर्ण आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक कर्ण सोडला तर सगळीकडे शून्य), म्हणून विस्ताराची गरजच नाही. मोकळ्या टोकापासून सुरुवात करा: प० = १, प१ = १ − क्ष. पुढे प्रत्येक पायरीला मागच्या प ला (२ − क्ष) ने गुणा आणि त्याच्याही मागचा प वजा करा. १८ व्या पायरीला निश्चयक हातात. एकूण १७ गुणाकार, हॉर्नरपेक्षाही एक कमी, आणि उलाढाल कुठेच फुगत नाही. नमपायच्या अख्ख्या ॲरेवर हे सहा-सात ओळींत लिहून होतं. ४ जवळचे दाते नाहीसे झालेले तुम्हाला लगेच दिसतील.

मजले सारखे नसतील तर काय, हे अर्थातच तुमच्या आकड्यांवर अवलंबून. पुनरावृत्तीची रीत तीच राहते, फक्त प्रत्येक पायरीला त्या मजल्याची ताठरता आणि वस्तुमान येतं. एककांची काळजी घ्या. ताठरता न्यूटन प्रति मीटरमध्ये आणि वस्तुमान किलोमध्ये ठेवलंत तर त्यांचं गुणोत्तर हजाराच्या घरात जातं आणि निश्चयक १०^५४ सारख्या संख्यांवर पोचतो. आधी एका ठरावीक मजल्याच्या गुणोत्तराने सगळ्याला भागून घ्या. आणि ताठरता, वस्तुमान अक्षरांतच ठेवून विस्तार करायचा मोह टाळा. पाच चलांत १८ कोटीपर्यंत ३३६४९ वेगवेगळी पदं होऊ शकतात. अक्षरं हवीच असतील तर निश्चयक कंसांतच राहू द्या आणि लॅम्डिफायला सीएसई हा पर्याय द्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे एकदाच मोजले जातील.

प्रोग्रॅम लिहून झाला की सारख्या मजल्यांवर आधी चालवून बघा. तिथे मुळांचं सूत्र माहीत आहे: ४ गुणिले साइनचा वर्ग, कोन (२ज − १)π ÷ ७४, ज १ पासून १८ पर्यंत. सर्वांत लहान मूळ ०.००७२०५ यायला हवं आणि सर्वांत मोठं ३.९७१२. तुमच्या विस्तारित बहुपदीने हे शेवटचं मूळ चार-पाच दशांशांपर्यंतच टिकतं, आयगएच आणि पुनरावृत्ती दोन्हींनी ते शेवटच्या दोन-तीन अंकांपर्यंत जुळलं पाहिजे. ते जुळलं की मगच तुमच्या खऱ्या इमारतीचे आकडे भरा. तिथे काही अडलं तर मजल्यांची वस्तुमानं आणि ताठरता इथे लिहा, मी माझ्याकडे चालवून बघतो.